माझ्या नंबरावर आलेला निरोप

या गोष्टीला साक्षीदार एकच होता — माझा मोबाइल. तो मी दुसऱ्याच वर्षी विकून टाकला. चांगला चालत होता. बायको म्हणाली, "काहून बदलवता जी, धड तं आहे?" मी म्हटलं, बॅटरी लवकर उतरते. म्हणजे बघा, त्या एका खोट्यावर झाकण म्हणून घरातही एक खोटं बोलावं लागलं. खरं कारण तिला आजही माहीत नाही. कोणालाच नाही. तुम्हीच पहिले. आणि सांगायला बसलो तर हात आखडतो — दोन वाक्यं लिहितो, एक खोडतो.

आधी मी कोण ते सांगतो. तेवढं तरी मला ताठ मानेनं सांगता येतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका धानाच्या गावचा. गावाला तलाव आहे, तलावाखाली आमच्या चार बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि गावातही ग्रॅज्युएट झालेला मी पहिलाच. निकाल लागला तेव्हा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कोणीतरी खडूनं माझं नाव लिहिलं. बाबांना वाचता येत नव्हतं. ते त्या फळ्यासमोर उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "काय लिवलं आहे जी इथं?" माहीत होतं त्यांना. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं, बस. मला लाज वाटायची, आणि छातीही फुगायची. ती फुगलेली छाती मी पुढे कधी खाली येऊच दिली नाही — हे आधीच सांगून ठेवतो.

कॉम्प्युटर शिकलो भंडाऱ्याला, पदविकेच्या क्लासात. एका मशीनवर आम्ही तिघं, खुर्ची एक. ज्याच्या घरी कॉम्प्युटर होता तोच खुर्चीवर बसायचा, कारण त्याला येत होतं. आम्ही दोघं मागे उभे राहून त्याची बोटं पाहायचो. सहा महिने मी दुसऱ्याची बोटं पाहून शिकलो. घरी आलो की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून मांडीवर बोटं चालवायचो. बाबा म्हणायचे, "तबला शिकून राहिला काय रे?"

खुर्ची न मिळणं काय असतं हे मला कोणी शिकवायला नको होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे तुम्ही विचाराल — या माणसाला कळत नव्हतं काय? कळत होतं. सगळं कळत होतं.

मग नोकरी लागली. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा इन्चार्ज. प्राध्यापक नाही, शिपाई नाही, मधला. पण मुलं सर म्हणायची. जुन्या लॅबमध्ये चौदा मशीन होत्या, चालू सहा. पंखा लावला की त्यातली एक बंद पडायची. मुलं उन्हाळ्यात घामाघूम होऊन प्रॅक्टिकल करायची, पण पंख्याचं नाव काढायची नाहीत.

लॉकडाउन उठल्यावर विद्यापीठाची योजना आली आणि कॉलेजचं रूपच पालटलं. चाळीस नव्या मशीन आल्या, काचेचं दार आलं, फायबरची लाइन, वेगळा सर्व्हर. प्राचार्यांनी नारळ फोडला. भक्तिभावाच्या भरात कोणीतरी पहिल्या कीबोर्डाला हळदकुंकू वाहिलं, ते बटणांत उतरलं, आणि त्या मशीनवर पुढे कित्येक दिवस 'के' उमटायचाच नाही. चपला बाहेर काढायच्या हा नियम मी केला. मशीनवर कापडी झाकणं मी शिवून घेतली. रोज सकाळी स्वतः पुसायचो. खोटं नाही बोलत, त्या लॅबवर माझा जीव होता.

योजनेत एक गोष्ट मशीनपेक्षाही मोठी होती. यापुढे प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वतःचं लॉगिन. परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, निकाल, पुढचा प्रवेश, सगळं त्यातून. कोणाच्या टेबलासमोर उभं राहायला नको, कोणत्या बाबूची मर्जी नको. मुलाचं त्याच्या हातात. कल्पना किती चांगली होती! आणि ती आमच्या कॉलेजात राबवायचं काम माझ्याकडे आलं.

अर्जात मोबाइल नंबराचा रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. लॉगिन करायचं तर त्या नंबरावर ओटीपी येणार, निरोपही त्याच नंबरावर. आता आमच्याकडची मुलं. अर्ध्या मुलींकडे स्वतःचा फोन नाही. घरात एक असतो, तो बापाच्या खिशात, शेतावर. कोणाचं रिचार्ज संपलेलं, कोणाचं सिम दर चार महिन्यांनी नवीन. मी काय केलं? ज्यांचा नंबर नव्हता त्यांच्या रकान्यात माझा टाकला. एकाचा टाकला, दोघांचा टाकला, बघता बघता शंभरावर मुलांचा झाला. बऱ्याच ठिकाणी असंच करतात. फॉर्म भरणारा आपला नंबर टाकून मोकळा होतो, आणि मुलं त्याला देव मानतात.

मलाही मानू लागली. सकाळी कॉलेजच्या फाटकात पाय ठेवला की मागे लाइन. "सर, ओटीपी आला काय जी?" "सर, माझा पाहा ना." मी खिशातून फोन काढायचा, चष्मा वर करायचा, सहा आकडे वाचून दाखवायचे. मुलांनी माझं नाव पाडलं — ओटीपी सर. मी वरून रागावल्यासारखं करायचो. आतून?... आतून फार बरं वाटायचं. ज्या लॉगिननं मुलांना मोकळं करायचं होतं, त्याची किल्ली माझ्या खिशात येऊन बसली होती, आणि ती परत द्यायची घाई मला नव्हती.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे. पण त्याआधी आणखी एक खोटं आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नव्या लॅबमध्ये मुलांच्या लॉगिनवर इंटरनेट चालत नव्हतं. माझ्या लॉगिनवर चालायचं. कंपनीचा माणूस सर्व्हर बसवून गेला तेव्हा त्यानं सगळं समजावून सांगितलं होतं, भराभर, अर्धं इंग्रजीत. मी मान हलवत राहिलो. समजलं नाही हे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. पहिला ग्रॅज्युएट ना मी. मग मुलांना सांगितलं, विद्यापीठाकडूनच बंद आहे, वरून सुरू होईल. अडीच महिने त्या चाळीस मशीनवर मुलं फक्त टायपिंग करत बसली. तार भिंतीपर्यंत आलेली, आणि मुलं कोरडी.

जिची ही गोष्ट आहे ती मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिचं नाव बदलून लिहितो, हेमलता म्हणू. नाकाडोंगरीकडून यायची एसटीनं. घरी धान, दोन भावंडं, कॉलेजात पोचलेली घरातली पहिलीच. माझ्यासारखीच. खिडकीजवळची मशीन तिची ठरलेली. बोलायची कमी. पण कामाला बसली की ओढणी खांद्यावरून मागे टाकायची आणि मग घंटा झाली तरी तिला ऐकू यायची नाही. असा विद्यार्थी शिकवणाऱ्याला मिळाला की त्यानं खूश व्हावं. सुरुवातीला मी होतोही.

विद्यापीठाची समिती लॅब पाहायला आली तो दिवस. तीन जण होते, त्यांत नागपूरच्या एक मॅडम, कॉम्प्युटर विभागाच्याच. प्राचार्य कौतुकानं सगळं दाखवत होते. मॅडम एका मशीनसमोर थांबल्या आणि विचारलं, मुलांच्या लॉगिनवरून विद्यापीठाची ई-लायब्ररी उघडते का? मी म्हणालो, नाही मॅडम, वरूनच बंद आहे अजून. त्यांनी भुवया उंचावल्या. म्हणाल्या, बंद कशी असेल? बाकी सगळ्या कॉलेजांत चालू आहे.

प्राचार्य माझ्याकडे पाहू लागले. आणि तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, हळूच.

"येते जी सर. सेटिंगमधल्या त्या प्रॉक्सीच्या समोरची खूण काढली का येते."

तिनं केलंही. चार वेळा माउस दाबला असेल, पाचव्यांदा लायब्ररीचं पान पडद्यावर. मॅडम खूश झाल्या. "अरे वा! कोणी शिकवलं तुला?"

हेमलतानं माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा तिला दिसला असणार. तिनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "सरांनंच शिकवलं जी."

मॅडम माझ्याकडे वळून हसल्या. "मग सर, स्वतः शिकवलेलं स्वतःच विसरलात होय?"

सगळे हसले. प्राचार्य हसले, मुलं हसली. मीही हसलो. वाईट हेतूनं कोणी हसलं नव्हतं, दोन मिनिटांत सगळे विसरलेही. समिती गेल्यावर मारोतराव शिपाई चहाचे कप गोळा करत म्हणाला, "पोरीनं इज्जत वाचवली जी सर आज. नाहीतं पुरा फज्जा होता." संध्याकाळी ती स्वतः आली. "सर, राग तं नाही ना आला? मले वाटलं, तुमी गडबडीत विसरले असान."

नाही म्हटलं. राग कायचा?

तिनं मला उघडं पाडलं असतं, तर कदाचित मी तिला माफ केलं असतं. भांडलो असतो, चार दिवसांनी विसरलो असतो. पण तिनं मला झाकलं. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीनं माझी कीव केली, तीही इतक्या सहज की तिला ती कीव वाटलीसुद्धा नसेल. मला येत नाही हे तिला कधीपासून माहीत होतं? अडीच महिने? आणि मी 'वरून बंद आहे' म्हणायचो तेव्हा ती मान खाली घालून ऐकायची ती काय म्हणून? हा विचार मला बसू देईना.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मुलांना इंटरनेट मिळालं. तिच्यामुळे. तिला मात्र माझ्याकडून काय मिळालं? मी नवीन वेळापत्रक लावलं. तिची एसटी पोचायची साडेदहाच्या पुढे. तिच्या गटाला मी साडेनऊची वेळ दिली. ती पहाटेची गाडी धरून यायला लागली. खिडकीजवळची मशीन 'दुरुस्तीला' काढली. ती दुसऱ्या मशीनवर बसली. एकदा ती म्हणाली, "सर, माझ्या लॉगिनात बाबाचा नंबर टाकून देता काय? आता त्यांचा फोन सुरूच राहते." मी म्हटलं, आता नाही बदलत तो. विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो, महिना जातो त्यात.

दोन मिनिटांचं काम होतं. मी इतर मुलांचं करून दिलेलंही होतं.

तिला पुढे नागपूरला, विद्यापीठाच्याच विभागात एम.एस्सी. कॉम्प्युटर करायचं होतं. वर्गातली बाकीची मुलं कोणी बी.एड.कडे, कोणी रसायनशास्त्राकडे वळली. त्या विषयाला अर्ज करणारी ती एकटीच. निकाल चांगला लागला तिचा, आमच्या कॉलेजात पहिली. फॉर्म तिनं लॅबमध्येच भरला. ओटीपी मी वाचून दाखवला. जाताना म्हणाली, "यादी लागली का सांगजा जी सर. आता धानाच्या रोवण्याचे दिवस, माझं येणं नाही होणार." तिचं पान उघडायचं तर ओटीपी लागणार, तो माझ्या फोनवर. निरोप यायचा तर माझ्या फोनवर. म्हणजे तिच्या आणि नागपूरच्या मध्ये दुसरं काही नव्हतं. मीच होतो.

आता सांगतो.

जुलै संपत आला होता. आमच्याही बांध्यांत रोवणं सुरू होतं आणि मी रजा टाकून गावी होतो. दुपारी धुऱ्यावर डबा उघडला आणि फोन वाजला. मी चिखलाचा हात पंच्याला पुसून पाहिलं. इंग्रजीत चार ओळी. तिचा अर्ज क्रमांक, तिचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पहिल्या यादीत जागा मिळाली आहे. तीन दिवसांत मूळ कागदपत्रं घेऊन विभागात हजर राहावं, नाहीतर जागा रद्द होईल.

मी ते दोनदा वाचलं. डबा संपवला. फोन बनियनच्या खिशात ठेवला आणि पुन्हा बांधीत उतरलो.

विसरलो असं म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं! पण नाही विसरलो. रोपांच्या पेंढ्या फेकताना, वाकताना, उठताना तेच डोक्यात. तिच्या बाबांचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायला एक मिनिट लागलं असतं. मला काय हवं होतं? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, सहज राहून गेलं. आज सांगतो तुम्हाला. मला हवं होतं की तिनं आधी विचारावं. सगळी मुलं विचारतात तसं — सर, आला काय, सर, पाहा ना. थोडी वाट पाहावी. थोडी अजिजी करावी. मग मी चष्मा वर करून सांगेन. एवढंच. इतकी लहान गोष्ट हवी होती मला.

आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बापाच्या फोनवरून. मागे बायांची गाणी ऐकू येत होती, रोवण्यातूनच बोलत होती.

"सर, हेमलता बोलून राहिली. काही आलं काय जी नागपूरचं?"

आवाज अगदी साधा. एसटी गेली काय, असं विचारावं तसा. त्यात अजिजी नव्हती. माझ्यावर तिचा इतका भरवसा होता की तिला अजिजी करायची गरजच वाटली नव्हती. आणि मला तो भरवसा ऐकू आला नाही, मला पुन्हा समितीचा तो दिवस ऐकू आला.

मी म्हणालो, "नाही."

"बरं जी. आलं का सांगजा."

"सांगतो ना."

झालं. एवढंच आहे ते. एक शब्द. तो बोलताना माझा आवाजसुद्धा हलला नाही.

त्या 'नाही'नंतर मी अडकलो. आता फोन केला तर ती विचारणार — सर, काल तर नाही म्हणाले? निरोपावर तारीख होती, वेळ होती. तिला दाखवायची वेळ आली असती तर? म्हणजे तिचं नुकसान एका पारड्यात, आणि माझं खोटं उघडं पडणं दुसऱ्या. मी कोणतं पारडं धरलं ते तुम्हाला कळलंच असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळीही वेळ होती. नाकाडोंगरीहून तुमसर, तुमसरहून नागपूर. साडेदहापर्यंत निघाली असती तर चार वाजेपर्यंत पोचली असती. मी हा हिशेब बारा वाजता केला. मुद्दाम बारा वाजता. म्हणजे उत्तर 'आता उपयोग नाही' असंच यावं. नागपूरच्या त्या मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. त्यांनी तिला पाहिलं होतं, एका फोनवर एखादा दिवस वाढवूनही दिला असता. तो फोनही मी केला नाही. पाच वाजले तेव्हा मी बांधीत उभा होतो. मला वाटलं होतं, काहीतरी जाणवेल. काही जाणवलं नाही. पाणी चढलं होतं, ते मी काढून दिलं.

आठवड्यानं ती लॅबमध्ये आली. पायाची बोटं चिखलानं खाल्लेली, हातांना हळद लावलेली, रोवण्यात सगळ्यांचं होतं तसं. मी तिचं लॉगिन उघडलं. ती टेबलाच्या पलीकडे उभी, पडदा माझ्याकडे. पडद्यावर लिहिलं होतं, हजर न राहिल्यामुळे प्रवेश रद्द. मी ते वाचलं, पान बंद केलं आणि म्हणालो, "नाही लागलं तुझं नाव. आता यादी बंदही झाली."

ती म्हणाली, "मार्क तं चांगले होते जी."

"नागपूरच्या पोरांचे आपल्यापेक्षा जास्तच राहतात."

हे का बोललो मी? पहिलं खोटं पुरेसं होतं. हे दुसरं बोलायची काय गरज होती? भंडाऱ्याच्या त्या क्लासात मागे उभं राहून जे मला वाटायचं — की खुर्ची आपल्यासारख्यांची नाहीच — तेच मी तिच्या गळ्यात घातलं. माझ्या हातानं. ती कमी पडली नव्हती. आणि ती कमी पडली हे तिच्या सरांनी तिला सांगितलं.

"बरं जी," ती म्हणाली. "तुमी तं केलं जेवढं होते तेवढं."

मी म्हटलं, पुढच्या वर्षी भर. ती म्हणाली, घरचे थांबले तं भरीन. घरचे थांबले नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात लग्न झालं.

पुढचं ऐका, कारण यातही मी सुटत नाही. नवीन सत्राच्या पहिल्याच बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, विद्यार्थ्यांच्या अर्जात कर्मचाऱ्याचा नंबर टाकणं बंद झालं पाहिजे. माझ्यापासून सुरुवात करतो. पालकांना बोलावून घेतलं, मुलींच्या नावानं सिम काढायला लावली, शंभरावर नंबर एकेक करून बदलले. महिनाभर तेच केलं. लॅबचं दारही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडं ठेवायला लागलो, वेळापत्रक काढून टाकलं, ज्याला यायचं त्यानं यावं. आज आमच्या लॅबसारखी लॅब आजूबाजूच्या तालुक्यांत नाही, हे मी अभिमानानं सांगतो. प्राचार्यांनी वार्षिक समारंभात माझा सत्कार केला. म्हणाले, विद्यार्थ्यांचा इतका विचार करणारा माणूस मी पाहिला नाही. टाळ्या वाजल्या. शाल मी घेतली. खांद्यावर घेऊन घरीही आलो. बाबा तेव्हा होते. त्यांनी ती शाल हातात घेऊन विचारलं, "कायले भेटली रे?" मी सांगितलं, चांगलं काम केलं म्हणून.

हेमलता आता मोहाडी तालुक्यातल्या एका गावात राहते. ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे, दाखले काढून देते. आडून आडून चौकशी करत असतो मी. लोक म्हणतात, लय हुशार बाई आहे, बिघडलेला प्रिंटरही स्वतःच खोलते. बरं चाललंय म्हणतात. हे ऐकून मी कधी कधी सुटकेचा श्वास घेतो — चला, चांगलंच झालं की तिचं. आणि मग त्या श्वासाचीच किळस येते. तिचं काय झालं असतं हे मला माहीत नाही. तिलाही नाही. ते कळण्याची जागाच मी बंद केली. आता तिच्या संसाराचा आधार घेऊन मी हलका होणार काय?

यंदा तिची धाकटी बहीण आमच्याकडे पहिल्या वर्षाला आली. पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात चपला काढून उभी. म्हणाली, "ताईनं सांगितलं, काही अडलं का सरांले भेटजो. सर लय मदत करते म्हणे."

मी तिला आत बोलावलं. लॉगिन करून दिलं. नंबर तिचा स्वतःचा होता. मग ती मशीनवर बसली, आणि मी कपाटामागे जाऊन उभा राहिलो, काही शोधत असल्यासारखा. किती वेळ ते सांगता येत नाही. त्या दिवसापासून हे लिहितोय.

तिला प्रत्यक्ष भेटून सांगावं, असं तुम्ही म्हणाल. तिच्या गावच्या फाट्यापर्यंत मी दोनदा गेलो आणि परत आलो. तेवढाच माझा वकूब निघाला. हे छापून आलं तर तिची बहीण वाचेल, घरी नेईल. कॉलेजही वाचेल. नोकरीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं. माफ कर, असं मी इथे लिहीत नाही. ते लिहिलं की उत्तर द्यायचं काम पुन्हा तिच्याच अंगावर पडतं, आणि तिनं मला एकदा झाकलंय, तेवढं खूप झालं. मी फक्त तो निरोप देतो, जो माझ्याकडे तिचा म्हणून आला होता.

हेमलता, नागपूरचं आलं होतं. पहिल्याच यादीत तुझं नाव होतं.